बांगडा विसरलेल्या माणसाचं गाऱ्हाणं

कोरोनाची फॅशन पार संपल्यावर मला कोरोना झाला. इतरांना झाला तेव्हा त्यांच्या दारात डबे आले, फोनवर लोक रडले, बरे होऊन घरी परतल्यावर गॅलरीतून टाळ्या वाजल्या. मला झाला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अजून होतो?" मी जसा काही त्यांच्याकडे पेजर दुरुस्तीला घेऊन गेलो होतो.

ताप आला तसा गेला. खोकला थोडा रेंगाळला आणि तोही गेला. बायकोने चादरी धुतल्या, मला हॉलमध्ये प्रवेश मिळाला आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी जाहीर केलं. मिटलं नव्हतं. दुपारी दोन वाजले की माझी बॅटरी उतरायची. एक मजला चढलो की जिन्यात उभं राहून भिंतीवरचा रंग न्याहाळायचं नाटक करावं लागायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शब्द जायला लागले. वस्तू समोर दिसायची, तिचा उपयोग ठाऊक असायचा, पण नाव गायब. डॉक्टर म्हणाले, याला ब्रेन फॉग म्हणतात, काही लोकांना महिनोन्‌महिने राहतो, एका वेळी एकच काम करा, दमायच्या आधी बसा, घाई करू नका. बायकोने घरी येऊन सासऱ्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोपं करून सांगितलं, "यांच्या डोक्यात धुकं आहे."

वडील म्हणाले, "तां आधी पण होता."

मी आमच्या बोरीवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून ते कायम माझ्याकडे असतं. तर महिन्याच्या मीटिंगमध्ये गच्चीवरची टाकी गळते हा विषय निघाला. मी ठामपणे उभा राहिलो आणि म्हणालो, "उद्याच्या उद्या आपण तो... तो... बोलवू." सगळे बघायला लागले. पाना दिसत होता, पाइप दिसत होता, त्या माणसाची मिशीसुद्धा दिसत होती. शेवटी मी म्हणालो, "पाणीवाला डॉक्टर."

त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत प्लंबर मेला आणि पाणीवाला डॉक्टर जन्माला आला. वॉचमन खालून ओरडतो, "सेक्रेटरीसाब, डॉक्टर आया है, नल का!" प्लंबरने स्वतः त्याला हरकत घेतली नाही. उलट त्याच्या बोलण्याला जरा वजन आलं.

रिक्षावाल्यांनी मात्र माझी कीव केली नाही. एकदा मला नॅशनल पार्कच्या गेटवर जायचं होतं. रिक्षात बसलो आणि नाव गेलं. मी म्हणालो, "वो जगह, जहाँ झाड है, बंदर है, और अंदर जाने का टिकट लगता है." रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "साहब, आपने तो पूरा बंबई बोल दिया."

आता खरं सांगतो, मला हसू यायचं तितकाच रागही यायचा. राग आजाराचा नाही, लोकांचा. माझं काही बिनसलंय असं सांगायला गेलं की समोरचा लगेच म्हणायचा, "अरे, मलापण नावं आठवत नाहीत. वय झालं." कसलं वय? मागच्या होळीपर्यंत मी टाकीच्या शिडीवर चढून व्हॉल्व्ह बंद करत होतो. कुणी म्हणायचं, "दिसायला तर झकास दिसतोस!" जसं काही धुकं नाकातून बाहेर येताना दिसायला हवं. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन तेवढ्या माझ्या बाजूने होत्या. त्या रोज सकाळी वाटीभर भिजवलेले अक्रोड आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "देखो भाई, अखरोट का शकल ही दिमाग जैसा है. खाओ." मी खायचो. डोकं तसंच राहिलं, पोट मात्र बिघडलं.

घरच्यांनी तरी ते कधी मनावर घेतलं? मी बांगडा विसरलो तेव्हा.

रविवार होता. बाजारात नेहमीच्या कोळणीसमोर उभा राहिलो. टोपलीत पापलेट, कोळंबी, बोंबील. मला हवा तो दिसेना म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आम्ही मालवणी माणसं. आमच्यात मुलाला आधी आई म्हणता येतं आणि मग बांगडा. मी म्हणालो, "मावशी, तो... आमच्या घरात नेहमी होतो तो."

ती म्हणाली, "दादा, तुमच्या घरात काय होतं ते मला काय म्हाईत?"

मागे रांग लागलेली. मी हातांनी लांबी दाखवली, पाठीवरच्या रेघा हवेत काढल्या. मागचा एक म्हणाला, "अंकल, झेब्रा पाहिजे का?" मी बोंबील घेऊन घरी आलो. बायकोने पिशवी बघितली आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"अहो, बांगडा विसरलात?"

तासाभरात सगळ्या भावकीला फोन गेले. मी भाचीचं नाव विसरलो होतो तेव्हा कुणी फोन केला नव्हता. एटीएमचा पिन विसरलो तेव्हा नाही. बांगडा म्हटल्यावर कुर्ल्याहून काका आले, मुलुंडहून आत्या आली, चेंबूरहून चुलत भाऊ आला. वडील आरामखुर्चीत बसून होते. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून आत्याने कानाशी जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बांगडो इसारलो? मगे तां साधा दुखणा नाय. ह्येका मोठ्या डॉक्टराक दाखवा."

मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हळूहळू कमी होईल, विश्रांती घ्या, जमेल तेवढंच अंगावर घ्या. पण भावकी जमली त्याच दिवशी चेंबूरचा चुलत भाऊ चहा पिताना सहज म्हणाला, "दादा, गणपती जवळ आलेत. यंदा गाऱ्हाणं मी घालू का? माझ्या मोबाइलमध्ये आहे." आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते ज्यांच्याकडे नसतं त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कोकणात देवापुढे एक माणूस उभा राहतो आणि घराच्या वतीने, आमच्या बोलीत, देवाशी मोठ्याने बोलतो. काय हवं, काय चुकलं, कुणाला सांभाळ, ते सगळं. प्रत्येक मागणी संपली की मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हणजे, होय, आमचंही हेच म्हणणं. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. दुपारी नैवेद्याच्या आधी गाऱ्हाणं होतं. ते झाल्याशिवाय ताटं वाढत नाहीत.

माझे वडील गिरणीत होते. परळच्या चाळीत ते अख्ख्या मजल्याचं गाऱ्हाणं घालायचे. बेंबीच्या देठापासून आवाज. मी लहानपणी त्यांच्या मागे उभा राहून एकेक वाक्य पाठ केलं. पुढे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, श्वास पुरेना, तेव्हा आम्ही बोरीवलीला येऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी मला देवापुढे उभं केलं आणि स्वतः खुर्चीत बसले. तेव्हापासून मी त्यांचं गाऱ्हाणं घालतो, जसंच्या तसं, एका दमात, काना-मात्रा न बदलता. वडील दरवर्षी डोळे मिटून ऐकतात आणि चकार शब्द बोलत नाहीत. इतर सगळे व्हय म्हाराजा म्हणतात, ते म्हणत नाहीत. मी त्याचा अर्थ असा लावला होता की परीक्षक कधी कोरसमध्ये गात नसतो.

मालवणी मी दोघांशीच बोलतो, वडिलांशी आणि देवाशी. ऑफिसात मराठी, रस्त्यावर हिंदी, मुलांशी खिचडी. वडील आता थकलेत. त्यांच्यानंतर मी ही बोली देवाशी तरी बोलू शकेन, एवढीच माझी ठेव होती. ती चेंबूरच्या मोबाइलमध्ये जाऊ द्यायला मी तयार नव्हतो. शिवाय वडिलांचा नियम स्पष्ट होता. मागे कुणीतरी गाऱ्हाणं कागदावर लिहून आणलं होतं तेव्हा ते कडाडले होते, "देवासमोर कागद? तां काय कोर्ट आसा?"

मी भावाला म्हणालो, "मीच घालणार."

"अरे पण तुला बांगडा..."

"बांगड्याचा इथे काही संबंध नाही!"

मग तयारी सुरू झाली. सकाळी ताजातवाना असताना सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारत मी पुटपुटायचो. बा देवा म्हाराजा, आज ही तुझी सगळी लेकरां जमान तुका हात जोडतत. तेंचा काय चुकला-माकला असात तां पोटात घाल. दोन फेऱ्यांनंतर दम लागला की बाकावर बसायचो आणि पुढचं बसून म्हणायचो. गुराढोरांक वैरण मिळांदे. रेशनाच्या दुकानात तांदूळ येंदे. गिरणीचो भोंगो येळेर वाजांदे आणि आमचो माणूस येळेर गेटीर पोचांदे रे म्हाराजा. लिफ्टमध्येसुद्धा चालायचं. अक्रोडवाल्या बेन एकदा लिफ्टमध्ये सापडल्या. काय चाललंय विचारलं, मी समजावलं. त्यांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट वर जाताना मी मागायचो आणि त्या हात जोडून म्हणायच्या, "वोय माराजा!" चौथ्या मजल्याचे लोक जिना वापरायला लागले.

काही दिवस सगळं सुरळीत आठवायचं. काही दिवस मधलंच एखादं वाक्य पडायचं. वाईट असं की कुठलं पडणार ते आधी कळत नसे. बायको म्हणाली, "अहो, द्या ना त्याला यंदा. पुढच्या वर्षी घाला परत." ती काळजीनेच म्हणत होती. पण पुढच्या वर्षी वडील त्या खुर्चीत असतील का, हे मला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. मी बाकावर जाऊन बसलो.

गणपती आले. हॉलमध्ये मुंगीला जागा नव्हती. काका, आत्या, त्यांची मुलं, मुलांची मुलं, दारात बेन त्यांच्या मिस्टरांना घेऊन. स्वयंपाकघरातून काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचा आणि वड्यांचा वास येत होता आणि उपाशी माणसांच्या नजरा देवापेक्षा तिकडेच जास्त होत्या. चेंबूरचा भाऊ माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. त्याने खिशातला मोबाइल चाचपून बघितला, ते मी बघितलं. वडील खुर्चीत, कानात मशीन, डोळे मिटलेले.

मी देवापुढच्या नारळावर हात ठेवला आणि सुरुवात केली. सुरुवात फक्कड झाली. लेकरां जमली, हात जोडले, चुकला-माकला पोटात गेला. "व्हय म्हाराजा!" वैरण मिळाली. "व्हय म्हाराजा!" तांदूळ आला. "व्हय म्हाराजा!"

आणि धुकं उतरलं.

पुढचं वाक्य नव्हतं. त्याच्या पुढचंही नव्हतं. सगळं गाऱ्हाणं कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकावं तसं झालं. हॉलमध्ये कुणीतरी घसा खाकरला. भावाचा हात खिशात गेला. तो मोबाइल बाहेर येऊ नये म्हणून काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून तेच निघतं जे त्याच्या तोंडात रोज असतं. माझ्या तोंडात वर्षभर सोसायटीच्या नोटिसा असतात.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "गच्चीवरची टाकी साफ करूची आसा, तर सगळ्यांक पाणी भरून ठेवूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सवयच ती. शब्द कोण ऐकतो, सूर कळला की पुरे.

माझी हिंमत वाढली. "ओलो कचरो येगळो, सुको कचरो येगळो ठेवूक लोकांक शिकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी दोन पोरं फिसकन हसली.

"ज्येची गाडी त्येच्याच जागेत लागांदे! दुसऱ्याच्या जागेत लावतलो त्येच्या टायरातली हवा जांदे!"

"व्हय म्हाराजा!" हे बेनचे मिस्टर फारच मनापासून म्हणाले. त्यांच्या जागेत दुसऱ्या मजल्याची गाडी लागते.

"लिफ्ट मधीच अडकता, ती अडकूची बंद होवंदे! आणि त्या... त्या... पाणीवाल्या डॉक्टराक येळेर पाठव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता मात्र हॉल फुटला. आत्या तोंडाला पदर लावून हलत होती. पोरं एकमेकांवर कोसळत होती. बायको रडत होती की हसत होती ते मला पाठीमागून कळेना. मी देवाकडे बघत राहिलो. माझ्याकडे आता नोटिसाही उरल्या नव्हत्या. मनात एकच होतं, वडिलांचं गाऱ्हाणं मी घालवलं. त्यांच्यासमोर घालवलं. भावाने मोबाइल काढला आणि हळूच म्हणाला, "दादा, मी घेऊ?"

तेवढ्यात वडिलांची काठी फरशीवर वाजली. पोरं सावरून उभी राहिली.

"भोंगो खय गेलो?" वडिलांनी विचारलं.

"इसारलंय," मी म्हणालो.

"बरा केलंस." त्यांनी डोळे उघडले. "गिरण बंद पडान किती वर्सां झाली रे? थय आता मोठो मॉल आसा. आणि तू दरवर्सा देवाकडे भोंगो मागतस. आणि ही सगळी शाणी माणसां व्हय म्हाराजा म्हणतत. देव पण इचारात पडलो असतलो, खयचो भोंगो वाजवू म्हणान."

काकांनी मान खाली घातली. ते स्वतः त्याच गिरणीतून बाहेर पडले होते आणि तरीही इतकी वर्षं, सर्वात मोठ्या आवाजात, भोंग्याला होकार देत आले होते.

"पण तां तुमचाच गाऱ्हाणां," मी म्हणालो. "मी जसाच्या तसा..."

"माझा खयचा? तां एका वर्साचा. तेव्हा संप होतो, भोंगो कमी होतो, तांदूळ कमी होतो, म्हणान मागलंय. दुसऱ्या वर्साक दुसरा. ज्या कमी तांच मागूचा. तू एकच वर्स पाठ केलंस आणि धरून बसलंस."

"मगे सांगूक काय झाला तुमका?"

"तू खय तरी थांबशीत तर सांगतलंय ना! एका दमात सुसाट. आज थांबलंस."

मला हसावं की त्यांच्या पायावर डोकं आपटावं ते कळेना. इतकी वर्षं मी देवापुढे उभं राहून एका बंद पडलेल्या गिरणीसाठी घसा फोडत होतो, आणि वडील डोळे मिटून परीक्षा घेत नव्हते, वाट बघत होते.

वडील काठीवर जोर देऊन उठले. बायकोने धरायला हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. माझ्या मागे, कोरसमध्ये येऊन उभे राहिले.

"टाकी मागलंस, लिफ्ट मागलंस. सगळ्यांचा झाला," ते म्हणाले. "आता तुझा माग."

मी देवाकडे वळलो. काय मागायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. जिन्यात उभं राहून भिंत बघायची ती, दुपारी दोन वाजता विझायचं ते, तोंडाशी आलेलं नाव वाफेसारखं निघून जातं ते, आणि तू दिसतोस तर झकास म्हणणारी सगळी तोंडं. ते सगळं एका शब्दात होतं आणि डॉक्टरांनी तो शब्द मला सांगितला होता, बायकोने त्याचं मराठीही केलं होतं. तो शब्द आला नाही.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो आणि हात डोक्याजवळ नेला. "ह्या... ह्या जा काय हा... तां..."

आणखी काही सुचलं नाही. मी बोट कपाळाला लावून तसाच उभा राहिलो.

"व्हय म्हाराजा!" अख्खं घर ओरडलं. बेन ओरडल्या, चेंबूरचा भाऊ मोबाइल खिशात टाकून ओरडला, काका ओरडले. आणि माझ्या कानाच्या अगदी मागे, बेंबीच्या देठापासून, श्वास पुरत नसलेला एक म्हातारा आवाज सगळ्यांच्या नंतर, एकटाच, पुन्हा एकदा व्हय म्हाराजा म्हणाला.